मताचा अधिकार आणि मिळकतीचा आधार
(श्रीमती रमाबाई रानडे यांच्या जीवनकार्याचा परिचय)

मराठी घरांत रमाबाई रानडे यांचे नाव अपरिचित नाही. तथापि ते बहुधा न्यायमूर्तींच्या नावाला जोडूनच उच्चारले जाते. पतीच्या हाताखाली शिकलेली पत्नी, पतीच्या आठवणी लिहून ठेवणारी सहधर्मचारिणी, एवढीच त्यांची मूर्ती आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे असते. अलीकडे, २०१२ साली, दूरदर्शनसंचावरील एका लोकप्रिय मालिकेमुळे त्यांचे बालपण आणि सासुरवास घरोघरी पोचला, हेही खरे. परंतु न्यायमूर्तींच्या निधनानंतर रमाबाई तेवीस वर्षे हयात होत्या, आणि त्यांचे स्वतःचे म्हणावे असे कार्य त्या तेवीस वर्षांतलेच आहे. मुंबई इलाख्यातील स्त्रियांना कायदेकौन्सिलासाठी मत देण्याचा अधिकार १९२१ साली मिळाला, त्या चळवळीच्या अग्रभागी त्या होत्या. महाराष्ट्रापासून दूर, पोलादाच्या या नगरीत राहणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांना या उत्तरार्धाची ओळख करून द्यावी, हा या लेखाचा हेतू आहे. न्यायमूर्तींचा आणि भिलाईचा जो एक दूरचा धागा आहे, तोही ओघाने येईल.

रमाबाईंचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी देवराष्ट्रे या गावी कुर्लेकर घराण्यात झाला. हे गाव त्या वेळी सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात मोडते. (पुढे १९१३ साली याच गावी कै. यशवंतराव चव्हाण यांचा जन्म झाला. लहान गावांच्या नशिबी असे योग क्वचितच येतात.) माहेरचे नाव यमुना. मुलींना अक्षरओळख करून द्यावी अशी रीत त्या घरात नव्हती. १८७३ साली, अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. वराचे वय तेव्हा एकतीस वर्षांचे होते. प्रथम पत्नी नुकतीच निवर्तली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या पुरुषाने स्वतः मात्र वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून एका बालिकेशी लग्न केले, याबद्दल सुधारकांनीच त्यांच्यावर कठोर टीका केली. ती टीका अनाठायी होती असे आम्हांस वाटत नाही. मात्र त्या लग्नातून पुढे जे निष्पन्न झाले, ते कोणाच्याही अपेक्षेत नव्हते.

घरात आल्याबरोबर पाटी आणि पेन्सिल हाती आली. मराठी झाले, मग इंग्रजी सुरू झाले. सासरच्या वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच रुचले नाही. त्या घरात विधवा नणंद होती, सावत्र सासू होती, आल्यागेल्या आप्त स्त्रियांचा राबता होता. सुनेने पुस्तक हाती घेतले की अबोला, टोमणे, कामांची भर, हे ठरलेले. इंग्रजी शिकविण्यास मिशनच्या बाई येत; त्यांना शिवल्याबद्दल धडा संपताच रमाबाईंनी स्नान करावे असा दंडक होता. न्यायमूर्ती घरच्या मंडळींना एका शब्दानेही दुखवीत नसत. शिकवणे मात्र सोडत नसत. त्यांच्या या मौनाची किंमत जी काही द्यावी लागली ती रमाबाईंनी दिली, आणि आपल्या आत्मचरित्रात ती त्यांनी तक्रारीचा सूर न लावता नोंदवून ठेवली. १९१० साली प्रसिद्ध झालेले ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’ हे ते पुस्तक. मराठीतील स्त्रीलिखित आत्मचरित्रांत ते आजही अग्रगण्य आहे. ज्या घरी ते नसेल त्यांनी ते जरूर मिळवून वाचावे.

न्यायमूर्तींच्या बदल्यांबरोबर रमाबाईंचाही प्रवास झाला. नाशिक झाले, धुळे झाले. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडानंतर सरकारची नजर रानड्यांवरही वळली आणि त्यांची पत्रे फोडून पाहिली जात, तो काळ धुळ्याचाच. नाशिक येथे रमाबाई प्रथम सभेत बोलल्या. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या व आर्य महिला समाज स्थापन झाला, त्या समाजाच्या सभांना जाण्यावरून घरात नवे वादळ उठले. १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघावे या मागणीसाठी गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढे सभा झाली. त्या सभेत इंग्रजीतून निवेदन वाचून दाखविण्याचे काम रमाबाईंकडे आले. बावीस वर्षांच्या गृहिणीने साहेबापुढे उभे राहून इंग्रजी वाचले, याचा गावभर बोभाटा झाला. त्याच वर्षी ती शाळा उघडली. हुजूरपागा या नावाने आपण ती ओळखतो. आमच्या मंडळातील काही आजीबाई तेथील विद्यार्थिनी असतील तर नवल नाही.

येथे न्यायमूर्तींच्या अर्थविचारांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. कारण रमाबाईंच्या कार्याचा पाया तेथेच आहे. १८८७ पासून काही वर्षे न्यायमूर्ती दख्खनच्या शेतकऱ्यांसंबंधीच्या १८७९ च्या कायद्यान्वये स्पेशल जज्ज होते. पुणे, नगर, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांतून त्यांची सतत फिरती असे आणि रमाबाई बरोबर असत. सावकारी पाशात सापडलेला कुणबी त्यांनी डोळ्यांनी पाहिला. गावोगावच्या मुलींच्या शाळा पाहिल्या, बायकांच्या सभा घेतल्या. १८९२ साली डेक्कन कॉलेजात न्यायमूर्तींनी हिंदी अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यात त्यांनी असे प्रतिपादन केले की विलायतेचे अर्थशास्त्र जसेच्या तसे या देशाला लागू पडत नाही. केवळ शेतीवर विसंबून राहिलेला देश दरिद्रीच राहणार, आणि उद्योग उभे करण्यास सरकारने हातभार लावला पाहिजे. पुण्याच्या औद्योगिक परिषदेसाठी त्यांनी लोखंडाच्या धंद्यातील आरंभीच्या प्रयत्नांवर एक स्वतंत्र निबंध लिहिला. योगायोग असा की त्याच सुमारास, १८८७ साली, प्रमथनाथ बोस या भूगर्भशास्त्रज्ञांनी आपल्या शेजारच्या दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतील लोहखनिजाची नोंद केली होती. न्यायमूर्तींना अभिप्रेत असलेला सरकारच्या पुढाकाराचा पोलाद कारखाना त्याच खनिजावर भिलाईत उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. मधे सदुसष्ट वर्षे गेली.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्तींचे निधन झाले. रमाबाई त्या वेळी अडतीस वर्षांच्या होत्या. पोटी अपत्य नव्हते. मुंबईचा संसार आवरून त्या पुण्यास आल्या आणि वर्षभर जवळजवळ एकांतातच राहिल्या. त्यानंतर त्या हळूहळू बाहेर पडू लागल्या. पुण्याच्या मध्यवर्ती तुरुंगातील स्त्रीकैद्यांना भेटणे, दवाखान्यांतील रुग्णांना फळे-फुले नेऊन देणे, आषाढी-कार्तिकीला आळंदीच्या यात्रेत स्त्रीयात्रिकांच्या सेवेसाठी स्वयंसेविका नेणे, असा तो क्रम होता. १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्षा झाल्या. १९०८ साली बेहरामजी मलबारी व दयाराम गिदुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले, तेव्हा अध्यक्षपदासाठी त्यांनाच पाचारण करण्यात आले. आणि १९०९ च्या ऑक्टोबरात त्यांनी स्वतःच्या राहत्या वाड्यात पुण्याच्या सेवासदनाची स्थापना केली. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर हे या कामी त्यांचे उजवे हात होते.

सेवासदनाचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. ते अनाथाश्रम नव्हते आणि केवळ शाळाही नव्हती. विधवा, परित्यक्ता, गरीब गृहिणी यांनी तेथे यावे, अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करावे, शिवण किंवा हस्तव्यवसाय शिकावा, शिक्षिका व्हावे, परिचारिका किंवा सुईण व्हावे, आणि चार पैसे स्वतःचे मिळवावेत, ही त्यामागील दृष्टी होती. आज आपल्या घरची मुलगी परिचारिका झाली तर आपण अभिमानाने सांगतो. त्या काळी उच्चवर्णीय घरांत परिचारिकेचे काम हीन समजले जाई. परजातीच्या रुग्णाला स्पर्श, रात्रपाळी, परपुरुषांचा वावर, अशी एक ना दोन, अनेक कारणे. रमाबाईंनी विधवा मुलींची समजूत घातली, त्यांच्या दीर-सासऱ्यांची घातली, ससून रुग्णालयात शिक्षण घेणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह चालविले.

त्या वसतिगृहाच्या एका समारंभातील प्रसंग सांगण्याजोगा आहे. केशवपन झालेली, आलवण नेसलेली एक विधवा विद्यार्थिनी पारितोषिक घेण्यासाठी व्यासपीठावर आली, तेव्हा मागील बाजूस बसलेल्या विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. समारोपाच्या भाषणात रमाबाईंनी त्या तरुणांना सर्वांसमक्ष खडसावले. शिकलेल्या म्हणविणाऱ्यांच्या घरीही अशी एखादी बहीण किंवा आत्या असेलच, याचे त्यांनी त्यांना स्मरण दिले. त्या बोलण्यात संताप होता आणि दुःखही होते. आणि सभागृह खाली मान घालून ऐकत राहिले. स्वभावाने त्या मृदू होत्या असे सर्वच लिहितात. हा प्रसंग पाहता त्या मृदुपणाला हद्द होती, असे आम्हांस वाटते.

याच मार्गाने त्या राजकीय हक्काच्या प्रश्नाकडे आल्या. १९१७ च्या डिसेंबरात भारतमंत्री माँटेग्यू मद्रास येथे असता सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे शिष्टमंडळ त्यांना भेटले आणि येऊ घातलेल्या सुधारणांत स्त्रियांनाही मत मिळावे अशी मागणी झाली. मताधिकाराचा विचार करण्यासाठी नेमलेल्या साउथबरो समितीने ती मान्य केली नाही. पडद्याची चाल, समाजाची सनातनी वृत्ती, ही कारणे पुढे करण्यात आली. हिराबाई टाटा व त्यांची कन्या मिठन या दोघी मायलेकी १९१९ साली थेट लंडनला जाऊन पार्लमेंटच्या समितीपुढे बाजू मांडून आल्या. अखेर १९१९ च्या कायद्याने प्रश्न प्रांतांवर सोपविला. प्रत्येक प्रांताच्या कौन्सिलाने ठराव करावा आणि हवे असल्यास स्त्रियांवरील बंदी उठवावी.

याच सुमारास पुण्यात दुसरा एक झगडा पेटला होता. १९१८ च्या विठ्ठलभाई पटेल यांच्या कायद्याने नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मुभा मिळाली. पुणे नगरपालिकेपुढे प्रश्न आला की सक्ती मुलांपुरतीच करावी की मुलींनाही लागू करावी. पैसा पुरणार नाही, म्हणून आधी मुलांचे पाहू, मुलींचे नंतर, असे म्हणणारा पक्ष प्रबळ होता आणि लोकमान्यांचे वजनही त्याच बाजूला होते. या भूमिकेविरुद्ध रमाबाई पुण्याच्या स्त्रियांचा मोर्चा घेऊन रस्त्यावर उतरल्या. साठीकडे झुकलेल्या, पांढरे वस्त्र ल्यालेल्या, न्यायमूर्तींच्या विधवा पत्नीने पुण्याच्या रस्त्यातून मोर्चा न्यावा, हे दृश्य त्या शहराला नवे होते. लोकमान्यांविषयी आमच्या मनात जो आदर आहे तो यत्किंचितही कमी न करता आम्ही म्हणू की या प्रश्नावर बरोबर बाजू रमाबाईंचीच होती. पैसा तुटपुंजा असला की काटछाट नेहमी मुलींच्याच वाट्याची होते, हा अनुभव आजही कालबाह्य झालेला नाही.

आमचा असा तर्क आहे की या झगड्याने मताचे महत्त्व त्यांना विशेष तीव्रतेने पटले असावे. निर्णय घेणाऱ्या सभासदांना स्त्रियांच्या मताची गरजच नसेल, तर स्त्रियांच्या मोर्चाची त्यांनी पर्वा का करावी? १९२१ साली मुंबई इलाख्यात मताधिकारासाठी सभा, अर्ज, निवेदने यांची जी मोहीम झाली, तिची संघटना रमाबाईंनी केली. मद्रास प्रांताने त्याच वर्षी आघाडी घेतली होती. जुलै १९२१ मध्ये मुंबई कौन्सिलाने स्त्रियांवरील बंदी उठविण्याचा ठराव संमत केला. १९२३ च्या निवडणुकीत इलाख्यातील स्त्रियांनी प्रथमच मते दिली.

पण किती स्त्रियांनी? येथेच या प्रकरणाचे मर्म आहे. तो अधिकार सर्वांचा नव्हता. जमिनीचा ठरावीक सारा भरणारा, ठरावीक भाड्याच्या घरात राहणारा किंवा प्राप्तिकर भरणारा, तोच मतदार, अशी अट होती. स्त्रियांनी मागणी केली ती पुरुषांच्याच अटींवर मत मिळावे अशी. अट दोघांनाही सारखी. परंतु शेत नवऱ्याच्या नावे, घर सासऱ्याच्या नावे, आणि कमाई बाईची असलीच तर ती मोलमजुरीची. कागदावर सारखी असलेली अट व्यवहारात बहुतेक सर्व स्त्रियांना दाराबाहेर ठेवणारी ठरली. सेवासदनात शिकून पगार मिळवू लागलेली शिक्षिकाही त्या अटीत सहजी बसणारी नव्हती. रमाबाईंनी या मर्यादित अधिकारावर समाधान मानले, असा आक्षेप कोणी घेतला तर तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. परंतु पुरुषांतही बहुसंख्य लोक मताविना असताना याहून अधिक पदरात पडण्याची शक्यता नव्हती, हेही लक्षात घ्यावे लागेल. आधी दार किलकिले करावे, हा रानडे घराण्याचा स्वभावच होता. १९३५ च्या कायद्याने साक्षर स्त्रियांना व पात्र मतदारांच्या पत्नींना सामावून घेतले तेव्हा ही संख्या सुमारे साठ लाखांवर गेली. तोवर रमाबाई हयात नव्हत्या.

आपण राहतो तो भाग त्या वेळी मध्यप्रांतात, दुर्ग जिल्ह्यात होता. मध्यप्रांतात स्त्रियांना मत मिळण्यास १९२७ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी नागपुरात रमाबाई तांबे यांनी सेवासदन सुरू केले. पुढे अनसूयाबाई काळे या मध्यप्रांताच्या कौन्सिलात गेल्या व १९३७ मध्ये विधानसभेच्या उपसभापती झाल्या. नागपूरहून भिलाईस आलेल्या आमच्या सभासद कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना ही नावे निश्चितच ठाऊक असतील.

देश सधन झाला, कारखाने उभे राहिले, बायका पगार मिळवू लागल्या, म्हणजे मताचा अधिकार आपोआप चालत येतो, असा एक समज सुशिक्षितांत आढळतो. विलायतेचे उदाहरण पाहता त्यात तथ्य दिसते. तेथेही १९१८ साली तीस वर्षांवरील आणि मिळकतीची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांनाच मत मिळाले, आणि पुरुषांची बरोबरी १९२८ साली झाली. परंतु स्वित्झर्लंडसारख्या संपन्न देशातील स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मत देण्यासाठी १९७१ पर्यंत थांबावे लागले. उलट न्यूझीलंडने ते १८९३ सालीच देऊन टाकले होते. आणि आपल्या दरिद्री, बहुतांशी निरक्षर देशाने १९५० च्या घटनेने प्रत्येक प्रौढ स्त्रीला एकाच दिवशी मत दिले. आपल्याकडे क्रमच उलटा झाला. मत आधी आले, मजुरी मागाहून. दल्ली-राजहऱ्याच्या खाणीत हातांनी खनिज फोडून भरणाऱ्या छत्तीसगढी स्त्रियांपाशी मत होते. पुरेशा रोजंदारीसाठी मात्र त्यांना १९७७ सालापासून चळवळ करावी लागली. सेवासदनाच्या संस्थापिकेला या दोन्ही गोष्टी एकाच प्रश्नाच्या दोन बाजू वाटल्या असत्या, असे आम्हांस त्यांच्या एकूण कार्यावरून वाटते. मुलीला धंद्याचे शिक्षण आणि बाईला मत, यांत त्यांनी कधी अमुक आधी, तमुक नंतर असे केले नाही.

रमाबाईंचे १९२४ साली निधन झाले. त्या वेळी पुण्याच्या सेवासदनात हजारावर स्त्रिया व मुली शिकत होत्या. १५ ऑगस्ट १९६२ रोजी, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, डाकखात्याने त्यांचे तिकीट काढले. पुण्याच्या सेवासदनाचे काम तर चालू आहेच.

एक गोष्ट राहिली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या तयार होत असता असे आढळले की लक्षावधी स्त्रियांनी आपले नाव सांगितलेच नव्हते. अमक्याची बायको, तमक्याची आई, अशीच नोंद केली होती. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी स्वतःच्या नावाशिवाय नोंद ग्राह्य धरण्यास नकार दिला, आणि सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे गळाली. त्यांत उत्तर व मध्य हिंदुस्थानातील स्त्रियांची संख्या मोठी होती. पुढच्या निवडणुकांत ही स्थिती सुधारली. आम्ही स्वतः सरकारी सेवेच्या निमित्ताने मतदानकेंद्रांवर अधिकारी म्हणून अनेकदा बसलो आहोत. यादीतील नाव मोठ्याने वाचले की रांगेतील म्हातारी ते नाव आपलेच असल्याचे तितक्याच मोठ्याने सांगते आणि शाईसाठी बोट पुढे करते.

देवराष्ट्र्याच्या यमुना कुर्लेकरचे नाव लग्नात बदलले गेले. त्या काळी ती रीतच होती. सासरी मिळालेल्या त्या नव्या नावानेच पुढे त्यांनी कौन्सिलकडे अर्ज धाडले, आणि आत्मचरित्रावरही लेखिका म्हणून तेच नाव छापले गेले.